पूर ओसरल्यावरच काठ का ढासळतो? मांजराकाठच्या जमिनीचं गणित

बिलोली : नदीला पूर असला की काठावरचा शेतकरी रात्रभर जागा असतो. पाणी उतरलं की सुटलो म्हणून झोपतो. पण काठाची जमीन बऱ्याचदा नदीत जाते ती पाणी उतरल्यावर, पुढच्या दोन-चार दिवसांत.

पुरात काठाची माती पाणी पिऊन जड होते. तोवर नदीतलं पाणीच तिला बाहेरून रेटून धरतं. वरच्या धरणाचे दरवाजे बंद झाले की नदी झपाट्याने उतरते, मातीतलं पाणी मात्र तितक्या लवकर निचरत नाही. आधार गेला, वजन राहिलं. त्यात काळ्या मातीला उन्हाळ्यातल्या भेगा. मग पिकासकट काठ उभाच्या उभा खाली बसतो.

खालचं काम धारेने आधीच केलेलं असतं. वळणावर धार बाहेरच्या काठाला आदळून पायथा पोखरते. तळाचं पाणी त्याच वेळी आतल्या बाजूला सरकतं आणि रेती ओढून नेतं. म्हणून अलीकडे एकाचं शेत तुटतं अन् पलीकडे रेतीचा पट्टा वाढतो. कोकणात हरिहरेश्वरला समुद्राच्या लाटाही कड्याचा पायथाच खातात. तिथे काळा पाषाण आहे, त्याला हजारो वर्षं लागतात. आपली माती एका पावसाळ्यात जाते.

आता रेतीचं. बिलोली तालुक्यातल्या मांजरेच्या लाल रेतीला मागणी मोठी. पात्र दोन हात खोल गेलं, की काठ दोन हात उंच झाला असं समजायचं. उंच काठ लवकर पडतो. शिवाय यंत्राने पाडलेल्या खड्ड्याची वरची कड पाणी कापत वरच्या गावाकडे सरकते. ज्या गावात घाटाचा लिलावच नाही, त्यालाही फटका बसतो. नवी रेती येणंही कमी झालंय, कारण जड रेती धनेगावच्या धरणात अडून बसते.

काठावर वरून मुरूम टाकून उपयोग नाही, तो पुढच्या पुरात जातो. दगड लागतो तो पायथ्याला, जाळीत बांधून. हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही. त्याच्या हातात एवढंच, की कडेपर्यंत नांगर घालू नये, काठावर बांबू, करंज, वाळा लावावा आणि शेताचं पाणी कडेवरून खाली पडू देऊ नये. मोटारीच्या पाइपासाठी काठाला खणलेला चरही बुजवून घ्यावा. बरेच काठ तिथूनच फुटतात.

ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारने खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत मदत जाहीर केली. खरडलेल्या शेतात गाळ आणून टाकता येतो. पण काठ तुटून जिथे पात्रच झालं, तिथे गाळ टाकायचा कुठे? सातबाऱ्यावर क्षेत्र तर पूर्वीचंच दिसतं. त्यामुळे पंचनाम्यात खरडलेली जमीन आणि नदीत गेलेली जमीन वेगवेगळी लिहून घ्यावी. शेताच्या हद्दीची खूण कडेपासून आत, एखाद्या पक्क्या झाडाला किंवा विहिरीला धरून ठेवावी. कडेवरचा दगड काठाबरोबरच जातो.