होळकर संघाचे दोन मोसम : आपल्या माळव्याचा क्रिकेट-वारसा



धार आणि देवास यांच्या मध्ये इंदूर. नोकरी, दवाखाना, लग्नाची खरेदी, कशासाठी ना कशासाठी आपण तिथे जातोच. आपल्या मुलांना तिथले होळकर स्टेडियम ठाऊक असते, ते एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांमुळे. पण या नावाचा एक संघ होता आणि त्याने बलाढ्य मुंबईला घाम फोडला होता, हे किती घरांत सांगितले जाते? म्हणून ही थोडी माहिती.

रणजी करंडक स्पर्धा 1934-35 मध्ये सुरू झाली. सुरुवातीला आपला भाग 'सेंट्रल इंडिया' या नावाने खेळत असे. 1941-42 पासून 'होळकर' हा संघ उतरू लागला. महाराज यशवंतराव होळकर त्याचे आश्रयदाते, तर कर्णधार कर्नल सी. के. नायडू. नायडू मूळचे नागपूरचे. 1923 मध्ये ते इंदूरला आले आणि होळकरांच्या सैन्यात त्यांना हुद्दा मिळाला. त्या काळी क्रिकेटवर पोट भरत नसे. खेळाडूला नोकरी आणि मान देऊन सांभाळायचे, हेच या संघाच्या यशाचे मूळ होते. मुश्ताक अली इंदूरचेच. चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, जगदाळे, भांडारकर ही मराठी नावेही याच संघातली.

पहिला मोसम 1944-45 चा. मार्च 1945 मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर अंतिम सामना झाला. निकाल लागेपर्यंत खेळायचे, असा तेव्हा नियम होता. मुंबईने 462 आणि 764 धावा केल्या. दुसऱ्या डावात विजय मर्चंट यांच्या एकट्याच्या 278. कर्णधारांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी त्या सामन्यात 917 चेंडू टाकले. एका सामन्यात इतके चेंडू जगात दुसऱ्या कोणी टाकलेले नाहीत.

होळकरांचा पहिला डाव 360 वर आटोपला होता. आता जिंकायला 867 धावा हव्या होत्या. कोणीही हात टेकले असते. पण मुश्ताक अलींनी पहिल्या डावातल्या 109 नंतर आता 139 केल्या, आणि दुसऱ्या टोकाला डेनिस कॉम्प्टन 249 वर नाबाद राहिले. हा इंग्लंडचा नामवंत फलंदाज युद्धामुळे आपल्या शेजारच्या महूच्या छावणीत नेमणुकीला होता, म्हणून तो होळकरांकडून खेळला! संघ 492 वर बाद झाला आणि 374 धावांनी हरला. सामन्यात एकूण 2078 धावा झाल्या.

एवढ्या मोठ्या पराभवानंतर संघ खचला नाही, हे दुसऱ्या मोसमात दिसले. 1945-46 मध्ये इंदूरला म्हैसूरविरुद्ध होळकरांनी 8 बाद 912 धावांवर डाव घोषित केला. त्या एका डावात सहा जणांची शतके झाली: भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रतापसिंग आणि स्वतः सी. के. नायडू. पुढे अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध, वयाची पन्नाशी गाठलेल्या नायडूंनी 200 धावा काढल्या. होळकर 56 धावांनी जिंकले आणि करंडक पहिल्यांदा माळव्यात आला.

1944-45 ते 1954-55 या अकरा मोसमांत होळकरांनी तब्बल दहा वेळा अंतिम फेरी गाठली. चार वेळा विजेतेपद, सहा वेळा उपविजेतेपद. मग हा संघ गेला कुठे? 1948 मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, आपली धार आणि देवासची पवारांची संस्थानेही त्याच वेळी. संस्थान गेले तरी संघाचे नाव काही वर्षे टिकले. 1955-56 पासून मात्र 'मध्य भारत' आणि पुढे 'मध्य प्रदेश' हे नाव आले.

त्यानंतर करंडकासाठी फार थांबावे लागले. जून 2022 मध्ये बंगळुरूला मध्य प्रदेशाने मुंबईलाच हरवून तो पहिल्यांदा जिंकला. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. त्यांच्याच नेतृत्वाखाली 1998-99 चा अंतिम सामना आपण त्याच शहरात हरलो होतो. 374 धावांनी हरून पुढच्याच वर्षी जिंकणाऱ्या संघाची आठवण त्या दिवशी अनेक ज्येष्ठांना झाली असेल.

आपण इथे पिढ्यान्पिढ्या राहतो. गणेशोत्सव, नाटक, दिवाळी फराळ हे सारे आपण जपतो. हा खेळही आपल्याच अंगणातला आहे. घरात कोणी आजोबा, काका इंदूरला ते सामने पाहायला गेले असतील, तर यंदाच्या सुटीत नातवंडांना जवळ बसवून त्यांना बोलते करा. धावा पुस्तकात सापडतात. सामना पाहायला कोण कोणाबरोबर, कसे गेले, हे मात्र घरातच सापडते आणि सांगणारे आता थोडेच उरले आहेत.