रात्री निघा, त्याच दिवशी सकाळी उतरा

फ्लाइट सिम्युलेटरवर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडायची असेल, तर सुरुवात टोकियोच्या हानेदाहून होनोलुलूला जाण्याने करावी. अंतर सुमारे 3340 सागरी मैल. शिवाय उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकवायची भानगड दोन्हीकडे नाही. जपान यूटीसीच्या 9 तास पुढे, हवाई 10 तास मागे. फरक बारा महिने 19 तासांचाच.

समजा, 10 जानेवारीला रात्री 10 वाजता हानेदा सोडलं. यूटीसीत तेव्हा दुपारचा 1 वाजलेला. हिवाळ्यात जपानच्या पूर्वेला जेट प्रवाह जोरात असतो; तो पाठीशी मिळाला की साधारण 7 तास लागतात. म्हणजे यूटीसीत रात्रीचे 8, आणि होनोलुलूत सकाळचे 10. तारीख? 10 जानेवारीच! यूटीसीची तारीख तर वाटेत एकदाही बदलली नाही. म्हणून आराखड्यातल्या सगळ्या वेळा यूटीसीत मांडा, स्थानिक वेळ फक्त दोन टोकांना काढा. सिम्युलेटर सुरुवातीला स्थानिक तारीख मागतोय की यूटीसी, तेवढं पाहून घ्या. वाररेषेवर पोचल्यावर तारखेला हात लावू नका.

खरी गोम रेखांशांत आहे. या मार्गावर 33 उत्तर–170 पूर्व, 30 उत्तर–180 आणि 27 उत्तर–170 पश्चिम असे बिंदू घेतले, की पृथ्वीवरच्या सर्वांत जवळच्या वाटेच्या अगदी लगत राहता येतं. विमानाच्या संगणकात पहिला बिंदू '33ई70' असा भरतात आणि तिसरा '27एन70'. मधलं अक्षर दिशा सांगतं: 'ई' म्हणजे उत्तर-पूर्व, 'एन' म्हणजे उत्तर-पश्चिम. तिसऱ्या बिंदूत चुकून 'ई' पडला, तर तो जवळजवळ 2000 किलोमीटर मागे जाऊन बसतो आणि विमान मुकाट्याने वळून जपानकडे निघतं.

नकाशे काढणारी काही साधनंही इथे गोंधळतात. अधिक 170 वरून उणे 170 वर जायला 20 अंश पुरतात. ती 340 अंशांचा फेरा घालून साऱ्या जगावरून आडवी रेघ ओढतात. रेघ तशी दिसली, तर एकूण अंतर तपासा. ते 3340 च्या आसपास असेल, तर चूक फक्त चित्रात आहे. खऱ्या विमानांनाही या रेषेने दगा दिला आहे: फेब्रुवारी 2007 मध्ये हवाईहून ओकिनावाला निघालेल्या अमेरिकी एफ-22 विमानांच्या दिशादर्शक यंत्रणा इथेच बंद पडल्या, आणि इंधन देणाऱ्या टँकर विमानांच्या मागोमाग त्यांना परतावं लागलं.

वाटेत इंजिनाने दगा दिला तर उतरायला मिडवे बेटावरची धावपट्टी आहे, रेषेच्या थोडीशीच पलीकडे. पर्यायी विमानतळ म्हणून तिची नोंद आराखड्यात जरूर ठेवा. पाचएक तासांनंतर पुढच्या काचेतून उजाडताना दिसेल. जानेवारीत सूर्य जवळजवळ नाकासमोरच उगवतो.

परतीला तोच वारा अंगावर येतो, तेव्हा इंधन 9 तासांच्या हिशेबाने धरा, राखीव वेगळं. होनोलुलूहून 10 तारखेला दुपारी 12 ला निघालात, तर हानेदाला 11 तारखेला दुपारी 4 वाजता उतराल.