वेढा पडलेल्या शहरातील खरेदीखत



आजचा आपला विषय आहे, अनिश्चित काळात देवावर भरवसा कसा ठेवायचा. विषय जुनाच आहे, पण प्रत्येक घरात तो नव्याने येतो. कुणाच्या घरी तपासणीचा रिपोर्ट यायचा असतो, कुणाची नोकरी राहते की जाते हे ठरायचं असतं, कुणाच्या शेतावर अजून पाऊस यायचा असतो. अशा वेळी भेटायला आलेली मंडळी म्हणतात, ‘देवावर भरवसा ठेवा.’ सल्ला चांगला आहे, पण त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? हाच प्रश्न आपण आज थोडा बारकाईने पाहू.

सुरुवात शब्दापासून करू. जिथे पूर्ण ज्ञान असतं तिथे भरवशाची गरजच नसते. दोन आणि दोन चार होतात यावर आपण भरवसा ठेवत नाही, ते आपल्याला माहीत असतं. म्हणजे अनिश्चितता ही भरवशाची वैरीण नाही, भरवशाला उभं राहायला ती जागा देते. ‘आधी सगळं स्पष्ट होऊ दे, मग मी देवावर भरवसा ठेवीन’ असं म्हणणं म्हणजे पाऊस पडून शिवार हिरवं झाल्यावर पेरणीला निघण्यासारखं आहे. आपल्याकडे शेतकरी धूळपेरणी करतो ना? कोरड्या मातीत बी टाकतो. पाऊस कोणत्या तारखेला येईल हे त्याला ठाऊक नसतं. पण जमीन कशी आहे, हंगाम कोणता आहे हे तो ओळखून असतो.

जुन्या कराराच्या इब्री भाषेत भरवसा, विश्वासूपणा यासाठी ‘एमुना’ असा शब्द आहे. आपण प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ म्हणतो, तोही त्याच धातूपासून आलेला. मूळ अर्थ आहे पक्कं असणं, स्थिर असणं. निर्गमच्या 17व्या अध्यायात अमालेकांशी लढाई चालू असताना मोशेचे वर उचललेले हात थकतात. अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहतात. तिथे ‘स्थिर’ या अर्थी हाच ‘एमुना’ शब्द आलेला आहे! हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आता आपल्या मुख्य उदाहरणाकडे येऊ. यिर्मयाचा 32वा अध्याय. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे. शहरात उपासमार आणि रोगराई आहे. सिद्कीया राजाने यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात कैद करून ठेवलंय. त्याचा गुन्हा काय? ‘हे शहर पडणार’ असं तो उघड सांगत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याच्याकडे येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे, तो हक्क तुझा आहे. अनाथोथ हे यिर्मयाचं गाव, यरुशलेमपासून अगदी जवळ. शत्रूचं सैन्य त्या सगळ्या मुलखात पसरलेलं आहे. सांगा, असं शेत कोण घेईल?

यिर्मयाने ते घेतलं. 17 शेकेल रुपं तराजूत तोलून दिलं. आजच्या मापात सुमारे दोनशे ग्रॅम चांदी. खरेदीखत लिहिलं, त्यावर मोहोर केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक मोहोरबंद प्रत आणि एक उघडी प्रत, अशा दोन्ही त्याने आपला लेखक बारूख याच्या हाती दिल्या आणि त्या मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. मातीच्या भांड्यात कागद किती टिकतो? 1947 साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत अशाच भांड्यांत गुंडाळ्या सापडल्या, त्या सुमारे दोन हजार वर्षं टिकल्या होत्या. तेव्हा यिर्मयाने हे काम भावनेच्या भरात केलेलं नाही, बरं का. आपण सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत जशी कागदपत्रं सांभाळतो, तशी त्याने ती सांभाळली.

इथे पहिला धडा मिळतो. भरवसा ही केवळ मनाची अवस्था नाही, ती कृती आहे. देवाने सांगितलं की या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील. यिर्मयाने त्या शब्दावर चांदी तोलली. आणि कृती आली की व्यवहारही आला. ‘माझा देवावर भरवसा आहे, मला औषध नको’ असं म्हणणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. देवाचा शब्द मिळालेल्या संदेष्ट्यानेही साक्षीदार घेतले आणि कागद नीट ठेवला.

दुसरा धडा त्याच्या आधीच्या एका प्रसंगात आहे. 28व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर जाहीर करतो की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, बाबेलला नेलेली माणसं परत येतील. यिर्मया काय म्हणतो? आधी ‘आमेन’ म्हणतो! देव तसंच करो, म्हणतो. त्यालाही तेच हवं होतं. पण ते खरं नव्हतं, आणि तेही त्याने सांगितलं. पुढे 29व्या अध्यायात बंदिवासात गेलेल्या लोकांना तो पत्र लिहितो. त्यात मुदत दोन वर्षांची नाही, सत्तर वर्षांची आहे. मग तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

आशावाद आणि भरवसा यांत फरक आहे तो इथे. आशावाद तारीख सांगतो. भरवशाला तारीख ठाऊक नसली, किंवा ती फार लांबची असली, तरी तो आज मळा लावतो. नशिबावर हवाला ठेवणारा तिसराच. तो म्हणतो, जे व्हायचं ते होईल, मग मळा तरी कशाला लावायचा?

तिसरा धडा अनेकांना दिलासा देईल. खरेदी झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो, आणि ती प्रार्थना गोंधळलेल्या माणसाची आहे. देवाच्या सामर्थ्याचं वर्णन करता करता शेवटी तो म्हणतो, मोर्चे शहराला येऊन भिडले आहेत, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? म्हणजे व्यवहार पूर्ण झाला आणि शंका अजून शिल्लक होती. देव त्याला रागावत नाही, उत्तर देतो. स्तोत्रसंहितेतही कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत. देवापाशी तक्रार करणारा माणूस देवाशी बोलत असतो. भरवसा तुटलेला माणूस बोलणंच बंद करतो.

आता सर्वांत अवघड गोष्ट. पुढे काय झालं? शहर पडलं. मंदिर जळालं. यिर्मयाला त्याच्या मनाविरुद्ध मिसर देशात नेण्यात आलं. त्या शेतातलं पीक त्याने खाल्ल्याची नोंद पवित्र शास्त्रात कुठेही नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये एक क्रूर वाक्य ऐकू येतं. आजारी माणूस बरा झाला नाही की कुणीतरी घरच्यांना म्हणतं, ‘विश्वास कमी पडला.’ असं बोलणाऱ्याने यिर्मयाला काय सांगावं? गेथशेमाने बागेत प्रभू येशूने प्याला दूर व्हावा म्हणून विनंती केली, आणि पित्याच्या इच्छेला स्वतःला सोपवलं. प्याला दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला का? आपला भरवसा एका व्यक्तीवर आहे, एका निकालावर नाही. पुनरुत्थानाची आशा आपल्याला आहे, पण तिच्याकडे जाणारी वाट वधस्तंभावरूनच गेली.

आपल्या मातीतलंही एक उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळाच्या काळात आई-वडील गमावले. पुढे त्यांनी केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो अनाथ मुली आणि विधवा त्यांनी आणल्या, त्यांना याच जमिनीने आसरा दिला. तेच मुक्ती मिशन. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. मनोरमाबाईच पुढे हे काम सांभाळतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी मूळ भाषांवरून चालवलेलं बायबलचं मराठी भाषांतर तरीही थांबवलं नाही. 1922 साली त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 साली छापून बाहेर आलं. स्वतःच्या हाताने केलेला ग्रंथ छापून पूर्ण झालेला त्यांनी पाहिला नाही. यिर्मयाच्या शेतासारखंच आहे की नाही?

तर मग उद्या सकाळी आपण काय करायचं? एक, आपल्या वाट्याचं लहानसं ‘अनाथोथचं शेत’ शोधायचं. भविष्य आहे असं मानून आज करता येईल असं एखादं काम. दोन, देवाशी खरं बोलायचं, तक्रारीसकट. आणि तीन, मोशेचे हात आठवायचे. ते त्याच्या एकट्याच्या बळावर स्थिर राहिले नव्हते. तुमचे हात थकले असतील तर मंडळीतल्या कुणाला तरी सांगा. आणि शेजारच्याचे हात थकलेले दिसले, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्या शेजारी बसा, हात धरा. सूर्य मावळेपर्यंत.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.