भरतीला सोपं, ओहोटीला अशक्य

घाटकोपरहून वर्सोव्याला मेट्रोने जाताना व्हीलचेअर सहसा अडत नाही. २०१४मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर फलाट आणि डब्याची फरशी एका पातळीत आहेत. पुढे वर्सोव्याच्या धक्क्यावरून मढची फेरीबोट पकडायची म्हटली, की चाकं थांबतात. बोरिवलीहून गोराईला जातानाही तेच. मग माणसाला उचलून होडीत ठेवावं लागतं. उचलणारे हात प्रेमाने पुढे येतात, पण प्रवासाला निघालेल्या माणसाचं ओझं का व्हावं?

अडचणीचं मूळ भरती-ओहोटीत आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची पातळी साधारण साडेतीन ते चार मीटरने बदलते, कधी त्याहूनही जास्त. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हा फरक दीड मीटरच्या आसपास येतो. गोव्यात उधाणालाही तो जेमतेम दोन मीटर असतो. खंबातच्या आखाताकडे मात्र वाढत जातो. भरती आणि ओहोटीत सव्वासहा तासांचं अंतर असतं. म्हणजे सकाळी सहज चढता आलेल्या होडीतून दुपारी उतरणं अशक्य होऊ शकतं.

आता उताराचं गणित. व्हीलचेअरसाठी १:१२ हा उतार मानक धरतात: एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. माणूस आणि खुर्ची मिळून १०० किलो धरले, तर या उतारावर साधारण आठ किलोचा जोर लावावा लागतो. १:४ उतारावर तोच २४ किलो होतो, आणि ओल्या, शेवाळलेल्या काँक्रीटवर तो लावायला पायच टिकत नाहीत.

तरंगता धक्का, म्हणजे पाँटून, हा यावरचा चांगला उपाय. तो होडीबरोबरच वर-खाली होतो, त्यामुळे दोघांमधली उंची जवळपास कायम राहते. पातळीतला सगळा फरक किनाऱ्याला बिजागरीने जोडलेल्या पुलावर येतो. चार मीटरच्या फरकाला १:१२ उतार हवा, तर हा पूल निदान ४८ मीटर लांब लागेल. खर्च वाचवायला तो १६ मीटरचा केला, की ओहोटीला उतार १:४ झालाच. नवा पाँटून पाहून हुरळण्याआधी पुलाची लांबी विचारावी, ती यासाठी.

मालासाठी मुंबईने ही अडचण कधीच सोडवली आहे. १९१४मध्ये खुल्या झालेल्या अलेक्झांड्रा डॉकला, आजच्या इंदिरा डॉकला, दरवाजे आहेत. बाहेर ओहोटी असली तरी आतलं पाणी अडून राहतं.

क्रूझवरही हाच पेच. बॅलार्ड पिअरला जहाज थेट धक्क्याला लागतं. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी ते खोल पाण्यात नांगर टाकतं आणि प्रवासी छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जातात. समुद्र खवळलेला असेल, तर व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला जहाजावरच थांबावं लागू शकतं. तिकीट काढतानाच विचारा: प्रत्येक बंदरात जहाज धक्क्याला लागणार, की नांगर टाकणार?

फेरीबोटीसाठी कोळीवाड्यातलं जुनं गणित उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्या दिवसांत पाणी कमी चढतं-उतरतं, त्यामुळे चढ-उतारही सोपा जातो.

पण प्रवाशाने पंचांग पाहून घराबाहेर पडावं, ही व्यवस्था नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या ४१व्या कलमात बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ यांची नावं आहेत, धक्क्यांचं नाही. तरी 'सर्व वाहतूक साधनं' या शब्दांत फेरीबोटही येते. सुलभतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारला बजावलं. महाराष्ट्र सागरी मंडळाने यापुढे प्रत्येक धक्क्याचा आराखडा उधाणाच्या ओहोटीला, पाणी सर्वांत खाली असताना, तपासावा आणि त्या वेळचा उतार निविदेतच लिहावा.