समुद्रात घाट नसतो

पावसाळी मासेमारीबंदी उठली, बोटी बाहेर पडल्या, की पापलेट स्वस्त होणार की नाही यावर घरोघर खल सुरू होतो. भावाचं बाजार बघेल, आपण जरा बोटीच्या पोटात डोकावू. ससून डॉकवरच्या ट्रॉलरमध्ये बऱ्याचदा ट्रकच्याच घराण्यातलं डिझेल इंजिन बसवलेलं असतं. ट्रकचा ड्रायव्हर दिवसभर गिअर बदलून बदलून दमतो. बोटीच्या तांडेलाच्या हाताशी मात्र गिअरचा एकच दांडा असतो: पुढे, न्यूट्रल, मागे.

बोटीला आणि विमानाला गिअरबॉक्स नसतो, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. गिअरबॉक्स बहुतेक बोटींना असतो, बऱ्याच विमानांनाही असतो. त्यात गाडीसारखी गिअर बदलत जाण्याची सोय सहसा नसते, कारण तशी गरजच पडत नाही.

गाडीची अडचण तिच्या टायरमध्ये आहे. टायर रस्त्याला घट्ट धरून असतो. गाडी ताशी ५ किलोमीटरने सरकत असेल तर चाक मिनिटाला जेमतेम ४५ फेरे घेतं. त्या वेळी टॉप गिअर टाकलेला असेल, तर इंजिनाला दीडशेच्या आसपास फेऱ्यांवर चालावं लागेल, आणि सातशे-आठशेच्या खाली गेलं की ते आचके देऊन बंद पडतं. म्हणून पहिला गिअर, मग दुसरा, आणि घाट आला की पुन्हा खाली.

पाणी बोटीच्या पंख्याला असं धरून ठेवत नाही. बोट धक्क्याला दोरखंडाने बांधलेली असली तरी पंखा खुशाल फिरतो. ताक घुसळताना रवी हळू फिरवली तर हाताला कळतही नाही, जोर केला की खांदे भरून येतात. पंख्याचंही तसंच, फक्त त्याचा हिशेब पक्का आहे: फेरे निम्मे केले की लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, चौथाईवर येतो आणि पॉवर आठव्या हिश्श्यावर. निम्म्या फेऱ्यांवर डिझेल इंजिनाकडे टॉर्कची चणचण नसते. मग गिअर बदलायचा कशाला? एकदा गिअरबॉक्सने फेरे साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आणले, की मोठा पंखा सावकाश फिरतो आणि काम भागतं. प्रचंड जहाजांना तेवढंही लागत नाही. २००६च्या ‘एमा मर्स्क’चं चौदा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेतं आणि थेट पंख्याला जोडलेलं आहे. मागे जायचं तर इंजिन थांबवून उलटं सुरू करतात.

तांडेलाला दुसऱ्या गिअरची आठवण यावी असा एकच प्रसंग असतो, जाळं ओढण्याचा. बोट रेंगाळते, पंखा जड पडतो, धुराड्यातून काळा धूर निघतो. मोठे टग आणि काही ट्रॉलर यावर पात्यांचा कोन बदलता येईल असा पंखा बसवतात. विमानांनी हीच युक्ती परमावधीला नेली, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी गंमत तिथेच आहे.

गोव्यातल्या मोपाहून जळगाव-सोलापूरला येणाऱ्या एटीआर विमानाचा टर्बाइन मिनिटाला वीस हजारांच्या घरात फिरतो, पंखा फक्त बाराशे. मध्ये गिअरबॉक्स आहे, एकाच प्रमाणाचा. बदलतो तो पात्यांचा कोन. उड्डाणाच्या वेळी पाती हवेत कमी तिरकी, म्हणजे पहिला गिअर. वेग आला की जास्त तिरकी, म्हणजे टॉप. उतरल्यावर उलटी, म्हणजे ब्रेकला मदत.

१९४०च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या बऱ्याच स्पिटफायर आणि हरिकेन लढाऊ विमानांचे पंखे दोनच कोनांचे होते, जणू दोन गिअरची गाडी. जर्मन हल्ला तोंडावर असताना डी हॅविलँडच्या तंत्रज्ञांनी विमानतळा-विमानतळावर जाऊन, आपोआप कोन जुळवून फेरे कायम राखणारे पंखे बसवले. जून ते ऑगस्ट या काळात हजाराहून अधिक विमानांचे पंखे बदलून झाले. तेच इंजिन, तेच पेट्रोल. पण धावपट्टी कमी लागू लागली आणि विमानं हजारो फूट जास्त उंच चढू लागली. वैमानिकांचे पुतळे झाले, या फिटरांची नावं कोणाला ठाऊक आहेत?

जेट इंजिनातल्या गिअरबॉक्सला आपल्याकडे मात्र विनाकारण शिव्या बसल्या. २०२३च्या मे महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज करताना गो फर्स्ट या विमान कंपनीने प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांकडे बोट दाखवलं, इंडिगोचीही विमानं जमिनीवर बसली आणि इंजिनाच्या नावातल्या ‘गिअर्ड’ या शब्दामुळे संशय गिअरबॉक्सवर गेला. पुढे जगभर शेकडो विमानं उतरवावी लागली ती धातूच्या भुकटीपासून बनवलेल्या चकत्यांमधल्या दोषामुळे. पुढचा पंखा टर्बाइनच्या एक तृतीयांश वेगाने फिरवणारा गिअरबॉक्स त्यात निर्दोष होता. रोल्स-रॉइसने त्याच वर्षी डर्बीत चालवून पाहिलेल्या अल्ट्राफॅन इंजिनातही गिअरबॉक्स आहे, तोही एकाच गिअरचा.