वत्सगुल्म ते भायखळा
मुंबई स्कूलची मातीची भांडी जमवणारा माणूस फुलदाणी हातात आली की आधी ती उलटी करतो. बुडाशी झिलई संपून उघडी माती दिसते, तिथे तो 'बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट' ही अक्षरं शोधतो. ती सापडली की मग नजर वर सरकते: फुगीर पोटावर अजिंठ्याच्या धाटणीच्या आकृती, छतांवरची कमळं, वेलबुट्टी. लंडनच्या लिलावांत अशी भांडी आजही येतात आणि त्यांच्यासाठी चढाओढ लागते. या वेडाचा एक धागा थेट वाशीमला पोचतो.

मुंबईची कलाशाळा 1857 ची. तिथे मातीकाम रुजवलं ते शाळेचे अधीक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी, 1870 च्या दशकात. 'वंडरलँड आर्ट पॉटरी' हे नावही त्यांच्याशीच जोडलेलं. खरं कसब मात्र सिंधमधून आणलेल्या कुंभारांचं. चाकावर घडवलेल्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा लेप, त्यावर कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळट तपकिरी, वरून पारदर्शक झिलई आणि मग भट्टी. ही रीत सिंधमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती.

नक्षी आली अजिंठ्याहून. 1872 पासून 1885 पर्यंत याच शाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्या नकलांपैकी कितीतरी 1885 मध्ये लंडनमध्ये लागलेल्या आगीत गेल्या. शिवाय नकला करताना मूळ चित्रांवर व्हार्निश चढवलं गेलं, ते पुढे पिवळं पडलं आणि मूळ रंग त्याखाली मंदावले. हे नुकसान कोणत्याही कौतुकाने भरून निघणारं नाही. म्हणूनच झिलईखाली टिकलेल्या नक्षीकडे नुसती शोभा म्हणून पाहणं चूक आहे.

आता वाशीम. 1939 मध्ये इथे वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात आला. वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम, इथून राज्याच्या 37 व्या वर्षी दिलेलं हे दानपत्र. मजकूर काही संस्कृतात, काही प्राकृतात. दान नांदेडच्या बाजूच्या एका गावाचं, आणि ते घेणाऱ्या ब्राह्मणांची नावं गोत्रांसह कोरलेली. या पत्र्यांमुळे वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासात पक्की झाली. मग इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला झिजलेला शिलालेख नव्याने वाचला. आधीच्या अभ्यासकांनी भलतीच नावं लावलेल्या जागी त्यांना वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन सापडला. 1941 मध्ये हे वाचन छापून आलं. त्या दोन कोरीव मजकुरांची सांगड घालणं ही विदर्भाच्या संशोधनातली फार मोठी कामगिरी आहे.

सोळावं लेणं करवून घेतलं वराहदेवाने. तो हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेण याच वत्सगुल्म शाखेचा राजा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या राजवटीत अजिंठ्याला बहर आला, त्याची नक्कल मुंबईच्या विद्यार्थ्यांनी केली आणि ती सिंधी कुंभारांच्या लेपावर उतरली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही भांडी पाहताना वाशीमकराने आपला वाटा सांगितला, तर तो हक्काचाच आहे.

सलतं ते वेगळंच. ताम्रपटावर दान घेणाऱ्यांची नावं आहेत, शिलालेखात मंत्र्याचं आहे, भांड्याच्या बुडाशी शाळेचं आहे. कुंचला कोणाच्या हातात होता, हे भांडं बहुधा सांगत नाही. संग्राहकांनी आता नुसत्या फुलदाण्या जमवून थांबू नये. शाळेचे जुने कागद, शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल, प्रदर्शनांच्या आणि बक्षिसांच्या याद्या चाळाव्यात, आणि सिंधहून आलेल्या त्या कुंभारांचा माग तिथून काढावा.