भीती ऐकावी की मोडावी?

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात रात्री पाणी धरायला जाताना बिबट्याची भीती वाटते, ती रास्तच. तिथे शहाणपण म्हणजे बॅटरी, काठी, सोबत आणि मोठ्याने बोलत चालणं. विहिरीत पोहायची भीती मात्र मोडता येते.

मेंदूतला बदामाच्या आकाराचा अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवतो. पाणी टाळत राहिलं की भीती मुरते. पाठीला डबा बांधून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, आधी पायरीवर बसून, मग कमरेइतक्या पाण्यात उतरलं, की मेंदू नवा धडा गिरवतो: इथे बुडत नाही. जुनी भीती पुसली जात नाही. कपाळामागचा मेंदू तिला आवरतो. म्हणूनच खंड पडला की ती डोकं वर काढते. तेव्हा पुन्हा पायरीपासून सुरुवात करावी.